पत्रिकेच्या कोपऱ्यातली चार अक्षरं

“गुडघा?” सुमेधानं कागदावरून मान वर केली. “नवरीच्या गुडघ्याला काही झालंय का?”

टेबलापलीकडे उभा असलेला तरुण गोंधळला. “नाही हो. चांगली धडधाकट आहे. का?”

“मग हे कंसात काय लिहिलंय तुम्ही?” तिनं कागद त्याच्याकडे फिरवला. “हेमा, आणि पुढे के-एन-डबल ई, मुळ्ये. म्हणजे हेमा गुडघा मुळ्ये.”

त्याचे कान लाल झाले. मग तो हसला… अगदी मोकळेपणानं, स्वतःलाच. मागे छपाईचे खिळे जुळवत बसलेला गंगाराम कंपोझिटरही वळून बघायला लागला.

“ट्रंककॉलवर सांगितलं हो त्यांनी. नवऱ्यामुलाचा भाऊ पार्ल्याहून ओरडत होता, मी देवरूखला लिहून घेत होतो. तो म्हणाला ‘नी’. लाइनवर नुसती खरखर. मला जो ‘नी’ येत होता तो लिहिला.”

“तो फ्रेंच शब्द आहे. त्याला के नसतो. अर्थ, जन्मानं अमुक घराण्यातली. बाईचं लग्न झालं की माहेरचं आडनाव सांगायला लावतात.”

“पण लग्न तर माघात आहे.”

“म्हणूनच नको तो. अजून ती मुळ्येच आहे.” सुमेधानं लाल पेन्सिलीनं शब्दावर काट मारली आणि कागदाच्या तळाशी आली. “आणि हे आर.एस.पी.व्ही. नाही. आर.एस.व्ही.पी.”

“तेही फ्रेंच?”

“तेही फ्रेंच.”

“मग तुम्ही लिहाल तसं,” तो म्हणाला. “माझा काही आग्रह नाही.”

ही १९८३ सालची, डिसेंबरातली गोष्ट. रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत खेर मुद्रणालय होतं. मालक आप्पा खेर दम्यानं बेजार असत. थोरल्या दोन्ही मुली लग्न होऊन पुण्याला गेल्या होत्या. धाकटी सुमेधा इंग्रजी घेऊन बी.ए. झाली आणि प्रेसमध्ये बसायला लागली, ती बसलीच. हिशेब, प्रुफं, गिऱ्हाइकं, सगळं तीच बघायची. इंग्रजी काम आलं की आजूबाजूचे छापखानेवालेसुद्धा तिच्याकडे पाठवायचे.

तो तरुण म्हणजे नवरीचा भाऊ, श्रीरंग मुळ्ये. देवरूख डेपोत वाहतूक नियंत्रक होता. कचेरीच्या कामाला रत्नागिरीत आला, देवरूखच्या छापखान्यात इंग्रजी टाइप नव्हता, म्हणून स्टँडवरून चालत निघाला आणि पहिली जी पाटी दिसली तिच्या खाली शिरला. एवढाच काय तो योगायोग.

प्रूफ न्यायला तो परत आला तेव्हा चार अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, “हे मला कळलं.”

“काय कळलं?”

“रत्नागिरी–साखरपा व्हाया पाली.”

सुमेधानं एकदा प्रुफाकडे पाहिलं. आर, एस, व्ही, पी. आणि मग तिला जे हसू आलं ते तिला आवरेना. पदर तोंडाशी धरून ती खुर्चीत वळून बसली. आतल्या खोलीतून आप्पांनी विचारलं, “काय झालं गो?”

“काही नाही आप्पा. एस.टी.चे साहेब आलेत.”

“साहेब नाही हो,” श्रीरंग म्हणाला. “नुसता कंट्रोलर.”

मग तिनं खरा अर्थ सांगितला: कृपा करून उत्तर द्या, येणार की नाही ते कळवा. साहेबी रीत आहे. पानं किती मांडायची याचा अंदाज येतो. आणि त्या फ्रेंच शब्दांतच ‘कृपा करून’ आहे, तेव्हा पार्लेकरांनी त्याआधी ‘प्लीज’ सांगितलंय ते नको.

“म्हणजे दोनदा कृपा होते.”

“हो.”

“एकदा पुरे,” तो म्हणाला… आणि उगाच तिच्याकडे बघत राहिला. सुमेधानं प्रुफाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“खाली नाव कुणाचं?” तिनं विचारलं.

“आर. व्ही. मुळ्ये. पत्ता लिहिलाय बघा.”

पत्रिका छापून झाल्या, गेल्या. तरी श्रीरंग येत राहिला. दर वेळी एखादा शब्द घेऊन. डेपोत येणाऱ्या कागदांत असले शब्द पैशाला पासरी होते. मुलांच्या पाससाठी शाळांचे दाखले यायचे, त्यांतलं ‘बोनाफाईड’ एकानं एका तऱ्हेनं लिहिलं तर शपथ.

“आज काय?” सुमेधा विचारायची.

“आज ‘बोना’ आणि ‘फाइट’. मारामारीचा दाखला.”

“बरं.”

“आणि ‘अ‍ॅड हॉक’. आमच्या एका कारकुनानं ‘हॉक’ ससाण्याचा लिहिलाय. अ‍ॅड हॉक कंडक्टर… बेरीज ससाणा कंडक्टर.”

“त्याचा अर्थ, तेवढ्या कामापुरता.”

“आणि बोनाफाईडचा?”

“सद्भावनेचा. खऱ्या हेतूनं केलेला.”

“असं होय…” श्रीरंग म्हणाला. “मग मी इथं येतो ते यातलं कुठलं म्हणायचं?”

सुमेधानं पेन्सिल कानामागे खोचली. “इथं येता ते एस.टी.च्या फुकट पासावर.”

गंगाराम खिळ्यांच्या पेटीत तोंड घालून हसला. त्या दिवशी श्रीरंग गेल्यावर सुमेधानं एकाच पानाचं प्रूफ तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तीच चूक तिच्या नजरेतून सुटली.

जानेवारीत एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ प्रेसमध्ये आले. धोतर, काळा कोट, बगलेत छत्री. देवळाच्या उत्सवाची हँडबिलं छापायची होती. देवळाच्या नावानं काम लिहून झालं तरी ते उठेनात. शेवटी त्यांनी खिशातून एस.टी.चं तिकीट काढलं. त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं चार इंग्रजी अक्षरं काढलेली होती.

“एवढा अर्थ सांगशील काय गो? एका पत्रिकेवर होतं. आमचं इंग्रजी तिसरीपर्यंतच.”

सुमेधानं सांगितला. येणार की नाही, ते कळवा.

“असं विचारतात?”

“हो. तशी पद्धत आहे.”

म्हातारबांनी तिकिटाची बारीक घडी केली. समोर गंगारामनं आणून ठेवलेला चहा तसाच होता. “बरं झालं सांगितलंस,” ते म्हणाले, आणि छत्री उचलून चालू लागले. चहा घ्या म्हणायलाही तिला सवड मिळाली नाही.

लग्न आठवड्यावर आलं होतं तेव्हा श्रीरंग आला. त्याच्याजवळ शब्द नव्हता. चेहरा उतरलेला होता.

“काका येत नाहीत लग्नाला,” तो उभ्या उभ्याच म्हणाला.

“कुठले काका?”

“राजाभाऊ काका. साखरप्याजवळ असतात. आमचे वडील गेले तेव्हा हेमा पाळण्यात होती. आम्हाला यांनीच वाढवलं. कन्यादान त्यांनी करायचंय. आणि काल निरोप आला… ‘उत्तर मागितलंत ना, मग उत्तर ‘नाही’ असं समजा.’ हेमा रडून रडून आडवी झालीये. काका नसतील तर बोहल्यावर उभी राहणार नाही म्हणते.” त्यानं कपाळ चोळलं. “कुणीतरी त्यांना त्या चार अक्षरांचा अर्थ सांगितला. कळलं तर त्या शहाण्याला…”

“धोतर, काळा कोट?” सुमेधानं विचारलं. “बगलेत छत्री?”

“हो. तुम्हाला काय माहीत?”

“मी सांगितला.”

श्रीरंग बघतच राहिला. “तुम्ही?”

“त्यांनी विचारला, मी सांगितला. कुठली पत्रिका, ते कोण, मला काही ठाऊक नव्हतं.”

“पण सांगायची काय गरज होती? माहीत नाही म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाला येणार की नाही असं विचारलं, तर त्याला काय वाटेल?”

“म्हणजे खोटं सांगायचं?” तिचा आवाज चढला. “मला माहीत असताना? आणि ती अक्षरं पत्रिकेवर मी नाही आणली, तुम्ही आणलीत. पार्ल्याहून, ट्रंककॉलवरून!”

छपाईचं यंत्र थांबलं. गंगाराम खाली बघत हात पुसू लागला. श्रीरंग बाकड्यावर बसला.

“खरं आहे,” तो म्हणाला. “चुकलो.”

त्याच्या त्या साध्या शब्दानं सुमेधाचा राग जागच्या जागी बसला. ती आतल्या खोलीत गेली. आप्पा सगळं ऐकत होते.

“आप्पा, मी साखरप्याला जाऊन येते. यांच्याबरोबर.”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या श्रीरंगकडे. “अर्थ तू सांगितलास, तर निस्तरायला तूच जायला हवं,” ते म्हणाले. “दिवेलागणीच्या आत ये.”

स्टँडवर गाडी लागलेलीच होती. वरच्या पाटीवर लिहिलं होतं: रत्नागिरी–साखरपा, मार्गे पाली. दोघांनी ती एकाच वेळी वाचली. श्रीरंग मुद्दाम दुसरीकडे बघायला लागला. सुमेधानं ओठ दाबून धरले, पण पायरीवर पाय ठेवताना तिला हसू फुटलंच, आणि मग त्यालाही.

हातखंबा मागे पडला तशी आंब्याच्या मोहोराचा वास खिडकीतून आत यायला लागला. दोघांच्या मध्ये तिची पर्स होती. पालीला एक बाई टोपली घेऊन चढल्या आणि सरका म्हणाल्या, तेव्हा पर्स मांडीवर आली. गाडी वळली की त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागायचा आणि तो दर वेळी ‘सॉरी’ म्हणायचा. शेवटी ती म्हणाली, “एकदाच म्हणा. पुढच्या वळणांचं धरून.”

राजाभाऊ अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. शेजारी मथुराकाकू सोललेल्या सुपाऱ्या गोळा करत होत्या. श्रीरंगला पाहून राजाभाऊंनी मान वर केली नाही. सुमेधाला मात्र त्यांनी लगेच ओळखलं.

“छापखान्यातली ना गो तू? बस. तुझ्यावर राग नाही माझा. तू खरं तेच सांगितलंस.”

“काका, ती मुंबईकडची रीत आहे. सगळ्यांनाच तसं…”

“सगळ्यांना नाही!” राजाभाऊंनी हातातली सुपारी टाकली. ते घरात गेले आणि पत्रिका घेऊन आले. कोपऱ्यावर त्यांनी बोट रोवलं. “हे वाच. चार अक्षरं. आणि त्याच्या खाली लगेच काय? आर. व्ही. मुळ्ये. राजाराम विष्णू. म्हणजे मीच! एवढी माणसं बोलावलीत, त्यांतल्या एकाला नाही विचारलं. मलाच विचारलं, येणार की नाही ते कळव म्हणून. तेही छापून! सगळ्या मुंबईला समजलं असेल, नवरीचा काका यायला कुरकुरतोय.”

सुमेधानं पत्रिकेकडे पाहिलं. ते नाव तिनंच तपासलं होतं. आर. व्ही. मुळ्ये म्हणजे समोरचा माणूस, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

“काका,” ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली. “अर्थ मी सांगितला तो बरोबर आहे. पण तो प्रश्न तुम्हाला नाहीये. लोकांना आहे. लोकांनी उत्तर कुणाला द्यायचं, त्याचं नाव खाली असतं. ज्याच्या घरचं कार्य, त्याचंच नाव घालतात तिथं. दुसऱ्याचं घालत नाहीत.”

राजाभाऊंनी पत्रिका पुन्हा डोळ्यांजवळ धरली. मग प्रथमच त्यांनी श्रीरंगकडे पाहिलं. “तू घातलंस?”

“पार्लेकरांनी विचारलं, तुमच्याकडून नाव कुणाचं,” श्रीरंग म्हणाला. “दुसरं कुणाचं सांगणार होतो काका?”

“अगो बाई,” मथुराकाकू म्हणाल्या, “म्हणजे ती पार्ल्याची कार्डं आपलीच होती की काय? कोण कुठली माणसं, आम्ही येतो म्हणून लिहितात. मी म्हटलं पोस्टमनची चूक. फळीवर टाकलीत.”

राजाभाऊंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते मिशीखाली ठेवलं. सुपारी पुन्हा हातात घेतली. हात मात्र चालेना.

“पत्रिका कुणाबरोबर पाठवलीस रे रंग्या?” त्यांनी हळूच विचारलं.

श्रीरंगनं मान खाली घातली. “कंडक्टरबरोबर.”

“कंडक्टरबरोबर,” राजाभाऊ म्हणाले. “हेमाच्या लग्नाची.”

सुमेधाला कळलं, चार अक्षरं नंतरची. खरं दुखलं होतं ते इथं. श्रीरंगलाही ते कळलं. तो उठला, काकूंकडे कुंकू आणि तांदूळ मागितले, अंगणात उभा राहून ताटलीत अक्षता केल्या आणि राजाभाऊंच्या पायांशी वाकला.

“काका, मी यायला हवं होतं. कामाच्या गडबडीत चुकलं. तुम्ही चला. तुमच्यावाचून आमचं कोण आहे?”

राजाभाऊंनी अक्षता घेतल्या. बराच वेळ त्या मुठीत धरून ठेवल्या. “ऊठ,” ते म्हणाले. “हिला चहा दे गो. माझा घेतला नव्हता मी हिच्याकडे, म्हणून हिनं सोडायला नको.”

परतीच्या गाडीला वेळ होता. साखरप्याच्या थांब्यावर दोघं उभी होती. घाटाच्या बाजूनं गार वारा येत होता. काकूंनी दिलेली सुपारीची पुरचुंडी सुमेधाच्या हातात होती.

“सुमेधा,” श्रीरंग म्हणाला. नुसतं नाव. आधी कधी घेतलं नव्हतं. “मी शब्द विचारायला येत नव्हतो.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“ससाण्यापासून.”

“मग… हेमाचं लग्न झालं की घरच्यांना घेऊन आप्पांकडे येऊ का?”

रस्त्यापलीकडे एक म्हैस कडेकडेनं चालली होती, तिच्याकडे सुमेधा बघत राहिली. मग म्हणाली, “मला तुम्ही आवडता. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकून गैरसमज नको. पण मी देवरूखला यायची नाही. आप्पांना यंत्रापाशी उभं राहवत नाही. मी गेले की प्रेसला कुलूप. ते काम मला नुसतं करावं लागतं असं नाही… मला ते हवं आहे.”

श्रीरंगनं मान हलवली. ‘हो’ही म्हणाला नाही आणि ‘बघू’ही नाही. गाडी आली. खिडकीजवळची जागा त्यानं तिला दिली. रत्नागिरी येईपर्यंत एकाही वळणावर त्याचा खांदा तिला लागला नाही.

लग्नाला ती आप्पांबरोबर गेली. कन्यादान करताना राजाभाऊंनी पितांबराच्या टोकानं डोळे पुसले, आणि पंगतीत पार्लेकरांच्या मधोमध बसून, कुणाकुणाची कार्डं आली ते ऐटीत सांगितलं. श्रीरंग वाढण्यात होता. सुमेधाच्या पानावर त्यानं जिलब्या वाढल्या, आग्रह केला, पुढे गेला. निघताना आप्पांना नमस्कार केला. तिला म्हणाला, “येतो कधीतरी.”

तो आला नाही. माघ गेला, फाल्गुन गेला. शाळांच्या प्रश्नपत्रिका छापून झाल्या. सुमेधा वेळेवर येई, वेळेवर जाई. दाराशी चपला वाजल्या की मान वर करायची सवय तिनं मोडली. एकदा गंगारामनं सहज म्हटलं, “ते एस.टी.वाले हल्ली दिसत नाहीत, ताई.” ती म्हणाली, “त्यांचं काम झालं.” मी बोलले ते बरोबरच बोलले, असं ती स्वतःला सांगे. तेवढ्यानं मात्र बरं वाटत नसे.

चैत्रात स्टँडवर आंब्याच्या पेट्यांची गर्दी उसळली. गल्लीपर्यंत हमालांची हाकाटी यायची. अशाच एका सकाळी सुमेधा एका पतपेढीचा अहवाल तपासत होती. बाहेर कर्णा खरखरला आणि आवाज आला, “जयगडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. प्रवाशांनी…”

पेन्सिल थांबली.

“पेट्या टपावर चढवू नयेत. टपावर चढवायच्या असल्यास आधी सांगावे.”

रत्नागिरीच्या स्टँडवर आजवर कुणी असं हसत हसत दम दिला नव्हता.

तिनं चपला घातल्या. आप्पांनी विचारलं, “कुठे गो?” तिनं उत्तर दिलं की नाही, तिला आठवत नाही. पेट्यांमधून, हमालांमधून वाट काढत ती चौकशीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आत श्रीरंग होता. गणवेश, समोर माईक, नजर वेळापत्रकात.

“कुठं जायचंय?” त्यानं मान वर न करताच विचारलं.

“कुठंच नाही,” सुमेधा म्हणाली. “मला इथंच राहायचंय.”

त्यानं वर पाहिलं. मग हात लांबवून आधी माईक बंद केला.

“बदली कालच झाली,” तो म्हणाला. “संध्याकाळी येणारच होतो… बदली मिळाल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. फार दिवस लावले हो त्यांनी.”

“एक शब्द कळवता आला नाही?”

“नाही मिळाली असती तर?”

सुमेधाचे डोळे भरून आले होते आणि तिला ते पुसायचेही नव्हते. मागे रांग लागली होती. एक म्हातारी “लांजा गाडी कधी रे बाबा?” म्हणून पिशवीनं तिला ढोसत होती.

“आप्पांना कधी भेटू?” श्रीरंगनं घाईनं विचारलं. “आत्ता माझी ड्यूटी दुपारपर्यंत…”

“मग सुटल्यावर ये,” ती म्हणाली.

‘या’ नाही, ‘ये’. म्हणून झाल्यावर तिच्या ते लक्षात आलं. त्याच्याही आलं. म्हातारीला जागा देऊन ती बाजूला झाली, आणि लांजा गाडीची वेळ सांगताना श्रीरंग दोनदा चुकला.